किल्ली घरातच राहिली तर?

दोस्तांनो, गेल्या रविवारी रात्री फोन वाजला. पलीकडे माझा नववीतला भाचा. आवाज अगदी रडवेला!

"मामा, लॅपटॉप सुरूच होत नाहीये. नुसतं वर्तुळ फिरतंय. ताईचा प्रकल्प त्यात आहे, उद्या द्यायचाय. आणि आजोबांच्या पंच्याहत्तरीचे फोटोही!"

"आधी सांग, तू काय केलंस?"

क्षणभर शांतता. मग हळूच उत्तर आलं, "अपडेट चालू होतं. फार वेळ लागत होता, म्हणून बटण दाबून बंद केला. बाबा म्हणतायत, उद्या दुकानात नेऊन फॉरमॅट करून आणू."

"थांबा म्हणावं बाबांना! कुलूप उघडत नाही म्हणून कुणी घर पाडतं का?"

मित्रांनो, बहुतेक विंडोज लॅपटॉपच्या डिस्कवर एक छोटा, वेगळा कप्पा असतो. त्यात दुरुस्तीची हत्यारं ठेवलेली असतात. भाच्याला हे माहीत होतं. "मी एफ ११ दाबून पाहिलं, पण काहीच झालं नाही," तो म्हणाला.

का झालं नाही? एक तर प्रत्येक कंपनीची कळ वेगळी. एचपीच्या बऱ्याच लॅपटॉपवर एफ ११, आसूसवर एफ ९, तर एसरवर ऑल्ट आणि एफ १०. दुसरी गंमत वेळेची. बटण दाबलं की आधी मदरबोर्डवरच्या चिपमधला एक छोटा प्रोग्रॅम जागा होतो. त्याचं नाव यूईएफआय. तो मेमरी, डिस्क तपासतो आणि मग कारभार विंडोजच्या हाती देतो. तुमची कळ ऐकली जाते ती या मधल्या फटीत. हल्लीचे लॅपटॉप इतके झटपट उठतात, की ही फट एखाद-दोन सेकंदांचीच उरते. वर्तुळ फिरायला लागल्यावर कळ दाबणं म्हणजे गाडी सुटल्यावर फलाटावर पोचणं! म्हणून बटण दाबल्याबरोबर कळ टकटक दाबत राहायची. काही लॅपटॉपवर तिच्या जोडीला एफएन कळही लागते.

तरीही जमलं नाही तर? विंडोज १० आणि ११ मध्ये एक सोय आहे. लागोपाठ दोनदा सुरू होणं फसलं, की दुरुस्तीचा पडदा आपोआप येतो. आम्ही तेच केलं. चार्जर लावला. खूण दिसताच बटण १० सेकंद दाबून लॅपटॉप बंद केला. पुन्हा तसंच. तिसऱ्या वेळी निळा पडदा आला! (हा उपाय अडल्यावेळचा हं! रोज असं बंद केलंत तर नवं दुखणं ओढवून घ्याल.)

त्या पडद्यावर 'ट्रबलशूट' आणि मग 'ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स' निवडलं. तिथल्या 'स्टार्टअप रिपेअर'ने हात टेकले. मग 'अनइन्स्टॉल अपडेट्स' निवडलं, तर लॅपटॉपने ४८ आकडी किल्ली मागितली! डिस्कवर बिटलॉकरचं कुलूप असलं की असं होतं. ती किल्ली ताईच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात सापडली. ताई एकेक आकडा वाचत होती, भाचा टाइप करत होता. अर्धवट अपडेट निघालं आणि लॅपटॉप उघडला. प्रकल्प जागेवर, आजोबाही हसतमुख!

एक गोष्ट मात्र कधी विसरू नका. त्याच पडद्यावर 'रीसेट धिस पीसी' असतं. त्यात 'रिमूव्ह एव्हरीथिंग' निवडलं, तर खरोखरच सगळं पुसलं जातं. कंपनीने दिलेली 'फॅक्टरी रिकव्हरी'देखील बहुधा तेच करते. ती लॅपटॉप वाचवते, तुमच्या फायली नाही.

आणि समजा, तो कप्पाच बिघडला तर? घराची दुसरी किल्ली घरातच ठेवून दार ओढून घेतलं, तर ती काय कामाची? ती शेजारच्या काकूंकडे हवी! तशी लॅपटॉपचीही बाहेरची किल्ली असते. १६ जीबीचा रिकामा पेनड्राइव्ह घ्या (त्यातलं जुनं सगळं पुसलं जातं) आणि 'क्रिएट अ रिकव्हरी ड्राइव्ह' शोधून तो तयार करा. गरज पडली की बूट मेनूतून तो निवडायचा. मात्र त्यात तुमचे फोटो नसतात. त्यांची प्रत वेगळ्या डिस्कवर ठेवायलाच हवी.

तेव्हा या आठवड्याचा गृहपाठ असा: आई-बाबांना सोबत घ्या. आपल्या लॅपटॉपची कळ कोणती, हे त्याच्या माहितीपुस्तकात शोधा. ती कळ आणि ४८ आकडी किल्ली वहीत लिहा. मग शिफ्ट दाबून ठेवून 'रीस्टार्ट' करा, तो निळा पडदा नुसता बघा आणि 'कंटिन्यू' म्हणून परत या. लॅपटॉप धडधाकट असतानाच, बरं का!

आमच्या भाच्याने वहीत शेवटची ओळ स्वतःच लिहिलीय, "अपडेट चालू असताना बटणाला हात लावायचा नाही." 

भेटू पुढच्या आठवड्यात!