काडतुसांचा गृहोद्योग

काडतूस हा शब्द उच्चारला की मराठी वाचकाला बराकपूर आणि १८५७ चे साल आठवते. दाताने तोडावयाचे ते कागदी काडतूस, त्यावरची ती चरबी आणि त्यातून पेटलेला तो वणवा! त्या काळी दारू आणि गोळी कागदात गुंडाळलेली असे. बार उडाला की मागे काही उरत नसे. पुढच्या दहा-पंधरा वर्षांत कागदाची जागा पितळेने घेतली आणि बार उडवणाऱ्याच्या हाती रिकामी पुंगळी उरू लागली. पितळ ही टाकून देण्याची वस्तू नव्हे, हे आपल्याकडच्या गृहिणीला कोणा अर्थशास्त्रज्ञाने सांगावे लागत नाही. अमेरिकेतल्या शिकाऱ्यांनाही ते सांगावे लागले नाही. त्यांनी पुंगळी पुन्हा भरावयास घेतली, आणि आज त्या देशात घरांच्या तळघरांतून आणि मोटारींच्या गॅरेजांतून रायफलीची काडतुसे भरण्याचा एक विस्तृत गृहोद्योगच चालू आहे. या गृहोद्योगाला लागणारा माल घाऊक प्रमाणात, घरपोच मिळतो आणि तो कोणी, किती व कशासाठी घेतला याची चौकशी बहुतेक ठिकाणी कोणी करीत नाही.

दूरदेशच्या या गोष्टीची चिंता आपण कशाला वाहावी, असे कोणी विचारील. त्याला आमचे उत्तर असे की, कॅलिफोर्नियात, टेक्ससमध्ये, न्यू जर्सीत आज हजारो मराठी कुटुंबे नांदत आहेत. त्यांची मुले ज्या शाळांत जातात त्या शाळांत गोळीबाराच्या वेळी बाकाखाली कसे लपावे याची कवायत करून घेतली जाते. पुण्यातले किंवा दादरचे आजी-आजोबा रात्री दूरध्वनीवर नातवंडांच्या तोंडून ते ऐकतात. आम्ही हा विषय परका मानण्यास तयार नाही.

प्रथम वस्तुस्थिती पाहू. काडतुसाचे अवयव चार : पितळेची पुंगळी, तिच्या बुडाशी बसणारा आणि घोड्याचा आघात होताच ठिणगी देणारा प्राइमर (जुन्या बंदूकवाल्यांच्या भाषेत टोपी), आतली दारू आणि तोंडाशी बसवलेली गोळी. यांपैकी पुंगळी सर्वांत महाग आणि तीच पुन्हा पुन्हा वापरता येते. या बाबतीत इतिहासाने एक मौज केली आहे. बर्डन नावाच्या अमेरिकन गृहस्थाने १८६६ साली काढलेली प्राइमरची पद्धत युरोपने उचलली, तर बॉक्सर या इंग्रज अधिकाऱ्याची पद्धत अमेरिकेत रूढ झाली. बॉक्सरच्या पुंगळीत मधोमध एकच छिद्र असल्याने उडालेला प्राइमर सळईने सहज ठोकून काढता येतो; बर्डनच्या पुंगळीत तो काढणे जिकिरीचे. अमेरिकेत हा गृहोद्योग इतका फोफावला याचे थोडेसे श्रेय त्या इंग्रजाला द्यावयास हवे. छोट्या पॉइंट टू टू रायफलीचे काडतूस मात्र याला अपवाद आहे. त्याचा स्फोटक मसाला पुंगळीच्या कडेतच भरलेला असतो आणि कड एकदा चेपली की ती पुंगळी निकामी होते. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये कोल्हापूरच्या स्वप्नील कुसाळेने ज्या प्रकारात कांस्यपदक मिळवले त्यातील काडतूस हेच.

काडतुसे घरी भरणारा मनुष्य हा समाजकंटक असतो असे आम्ही यत्किंचितही सुचवीत नाही. बहुतेक वेळा तो निवृत्त कारागीर, शेतकरी किंवा शनिवार-रविवारी नेमबाजीच्या मैदानावर रमणारा नोकरदार असतो. दारूचा कण अन् कण तराजूवर तोलणारा, वहीत प्रत्येक भरणीची नोंद ठेवणारा हा इसम आपल्याकडच्या घड्याळजीच्या जातीचा आहे. आपल्याच रायफलीला मानवेल असे काडतूस त्याला स्वतः घडवावयाचे असते आणि चार पैसे वाचवावयाचे असतात. या काटकसरीचा उपहास करणे आम्हांस शोभणार नाही. आमचा आक्षेप मालाच्या प्रमाणाला आहे.

माणूस किरकोळीवरून घाऊकीवर कसा जातो, हे समजून घेण्याजोगे आहे. दारू आणि प्राइमर हा धोक्याचा माल असल्यामुळे तो पाठवताना टपालखर्चाव्यतिरिक्त एक ठोक आकार द्यावा लागतो. एक डबा मागवला तरी तोच आकार आणि ठराविक वजनापर्यंत अनेक डबे मागवले तरी तोच. साहजिकच शहाणा गिऱ्हाईक एक पौंडाचा डबा न मागवता आठ पौंडांचा मागवतो, शंभर प्राइमरांऐवजी पाच हजारांची पेटी घेतो आणि शेजाऱ्यालाही त्यात भागीदार करतो. एका पौंडात सात हजार ग्रेन असतात. लहान रायफलीच्या काडतुसाला सुमारे पंचवीस ग्रेन दारू धरली तर आठ पौंडांच्या एका डब्यात दोन हजारांहून अधिक काडतुसे निघतात. सुरक्षिततेसाठी लावलेला आकारच साठा वाढवण्यास उत्तेजन देतो, हे ज्यांनी तो लावला त्यांच्या ध्यानात आले असेल असे वाटत नाही!

त्यात भर पडते भीतीची. डिसेंबर २०१२ मध्ये सँडी हूक येथील प्राथमिक शाळेत वीस बालकांची हत्या झाली. देशभर कायद्याची भाषा सुरू झाली आणि दुकानांतील दारू-प्राइमरांची फळकुटे रिकामी पडली. २०२० मध्ये महामारी, दंगली आणि निवडणूक एकदमच आली. शस्त्रखरेदीसाठी करावयाच्या संघीय तपासण्यांचा आकडा त्या एका वर्षात सुमारे ३ कोटी ९७ लाखांवर गेला. तीन-चार सेंटांना मिळणारा प्राइमर पुढे दहा सेंटांच्या वर गेला. २०२२ पासूनच्या युक्रेन युद्धाने दारूचा कच्चा माल जो नायट्रोसेल्युलोज तो लष्करी कारखान्यांकडे ओढला. शिवाय अमेरिकेत प्राइमर बनवणारी जी चार मोठी नावे, त्यांपैकी तीन २०२४ च्या अखेरीस एकाच झेक उद्योगसमूहाच्या हाती गेली. अशा बाजारात ज्याच्याकडे साठा तो राजा. रॉकेल आणि साखरेच्या टंचाईचे दिवस पाहिलेल्या आमच्या वाचकांना ही मनोवृत्ती समजावून सांगण्याची गरज नाही. फरक एवढाच की साखरेच्या पोत्याने शेजाऱ्याचे घर उडत नाही.

कायदा काय म्हणतो? अमेरिकेच्या १९६८ च्या संघीय कायद्याने ‘दारूगोळा’ या शब्दाच्या व्याख्येत पुंगळी, प्राइमर, गोळी आणि दारू हे चारही अवयव स्पष्टपणे घातले आहेत. शिक्षा झालेल्या गुन्हेगाराला यांपैकी एकही वस्तू जवळ बाळगता येत नाही. विक्रीची नोंद ठेवण्याचे बंधनही त्या कायद्याने व्यापाऱ्यांवर घातले होते. परंतु १९८६ साली काँग्रेसने ते काढून टाकले. म्हणजे मनाई शाबूत आणि मनाई मोडली की नाही हे कळण्याची सोय मात्र नष्ट! कॅलिफोर्नियाच्या मतदारांनी २०१६ साली यावर उपाय योजला. जुलै २०१९ पासून त्या राज्यात काडतुसे घेणाऱ्याची तपासणी होऊ लागली. पण ती तयार काडतुसांची. सुटी दारू, सुटे प्राइमर आणि रिकाम्या पुंगळ्या त्या तपासणीबाहेर राहिल्या. ज्याला तयार काडतुसांची एक पेटी नाकारली जाईल त्याला हजार काडतुसांचे सामान घेऊन जाता येते. किम ऱ्होड या सहा ऑलिंपिक पदके मिळवणाऱ्या नेमबाज महिलेने २०१८ सालीच या कायद्याविरुद्ध दावा लावला. जुलै २०२५ मध्ये अपील न्यायालयातील तीन न्यायाधीशांच्या पीठाने बहुमताने तो घटनाबाह्य ठरवला, आणि तरीही वाद तेथे संपलेला नाही. सरकारी नोंदी जुळत नाहीत म्हणून कितीतरी सरळ माणसे या तपासणीत नाकारली गेली, ही वादींची तक्रार खोटी नव्हती. मूठभर काडतुसे घेणाऱ्याला छळावयाचे आणि डबेच्या डबे नेणाऱ्याकडे पाहावयाचे नाही, ही या कायद्याची खरी गोम होय.

हा केवळ तर्काचा खेळ नाही. १ ऑक्टोबर २०१७ च्या लास व्हेगास येथील हत्याकांडानंतर मारेकऱ्याच्या खोलीत सापडलेल्या काही न उडालेल्या काडतुसांवर ऍरिझोनातील एका गृहस्थाच्या काडतुसे भरण्याच्या यंत्राच्या खुणा आढळल्या. हत्याकांडात त्याचा हात असल्याचा आरोप सरकारने केला नाही. परवान्याशिवाय काडतुसे तयार करून विकल्याबद्दल मात्र २०२० साली त्याला १३ महिन्यांची कैद झाली. असला धंदा घरबसल्या चालतो हे कळण्यास त्या रात्रीचा संहार व्हावा लागला. त्याहून गंभीर गोष्ट अटलांटाची. १९९६ च्या ऑलिंपिकच्या वेळी तेथील उद्यानात फुटलेल्या नळीबाँबमध्ये हीच बिनधुराची दारू ठासलेली होती. एक महिला ठार झाली, शंभरावर लोक जखमी झाले. त्यानंतर दारूत ओळखखुणेचे कण मिसळावेत की काय याचा विचार करण्यासाठी राष्ट्रीय संशोधन परिषदेची समिती बसली आणि १९९८ साली तिने तूर्त तसे करू नये असा अहवाल दिला. कण मिसळावयाचे नाहीत हे एक वेळ मान्य करू. पण कण नकोत आणि नोंदही नको, हे दोन्ही एकाच वेळी कसे चालेल?

आपल्याकडचा १९५९ चा शस्त्र कायदा या बाबतीत निःसंदिग्ध आहे. दारूगोळ्याचे भाग आणि तो बनवण्याची यंत्रे यांनाही त्याने ‘दारूगोळा’च मानले आहे, आणि परवान्याशिवाय काडतूस घडवण्यास येथे वाव नाही. कोकणातला शेतकरी ठासणीच्या बंदुकीत घरी दारू ठासतो, ती परवान्याची बंदूक असते. म्हणून आपण अमेरिकेला शहाणपण शिकवण्याच्या आविर्भावात मिरवावे असे नव्हे. ‘गावठी कट्टा व जिवंत काडतुसे हस्तगत’ हे वृत्त आमच्याच आतल्या पानांवर वारंवार छापावे लागते. आणि स्फोटक माल ही काय चीज आहे हे भंडारा जिल्ह्यातल्या जवाहरनगरच्या आयुध निर्माणीने २४ जानेवारी २०२५ रोजी दाखवून दिले. शिस्त, पहारा, अनुभवी कामगार सर्व काही असताना त्या स्फोटात किमान आठ कामगार मृत्युमुखी पडले. दारूही तळघरात, भाजलेल्या कणसांच्या यंत्राशेजारी ठेवली जाते, याचा विसर पडू नये.

मग करावे काय? नव्या आकड्यांचा शोध घेण्याची गरजच नाही. अमेरिकेच्या राष्ट्रीय अग्निसंरक्षण संघटनेच्या संहितेने घरात ठेवावयाच्या बिनधुराच्या दारूला वीस पौंडांची मर्यादा घातली आहे. त्यापुढे पन्नास पौंडांपर्यंत जाड लाकडी कपाट हवे. प्राइमरांची मर्यादा दहा हजार. वीस पौंड म्हणजे आमच्या वरच्याच हिशेबाने साडेपाच हजार काडतुसे. कोणत्याही छंदिष्टाचे वर्ष त्यात सुखाने जाईल. आज हा आकडा आगीच्या बंबवाल्यांना ठाऊक आहे, दुकानदाराला तो विचारण्याचे कारण पडत नाही. तो विक्रीच्या खिडकीवर आणावा, एवढीच आमची सूचना आहे. त्याच्या आतली खरेदी मोकळी ठेवावी. त्याच्या पलीकडे जाणाऱ्याची तयार काडतुसांप्रमाणेच तपासणी व्हावी. आज नोंद, उद्या जप्ती, असे बंदूकवाल्यांचे पुढारी म्हणतील. १९६८ ते १९८६ या अठरा वर्षांत विक्रीची नोंद या ना त्या प्रमाणात चालू होती आणि त्या नोंदीवरून सरकारने घरोघरच्या रायफली सरसकट जप्त केल्या नाहीत, हे त्यांनी आपल्या अनुयायांना सांगावे. नोंदीने कागद वाढतो हा दुसरा आक्षेपही टिकण्यासारखा नाही. धोक्याचा माल पाठवावयाचा म्हणून प्रत्येक खोक्यावर पाठवणाऱ्याचे नाव, घेणाऱ्याचा पत्ता आणि मालाचे वजन आजही लिहिलेले असते, आणि विक्रेत्याच्या दप्तरात त्याची प्रत असते.