पस्तिशीच्या उंबरठ्यावरची परिचर्या

सोलापूरच्या शुक्रवार पेठेसारख्या जुन्या वस्तीत तिशी ओलांडलेली एखादी गृहिणी ‘आता नर्सिंग शिकते’ म्हणाली, की घरात आधी वयाचा प्रश्न निघतो आणि पाठोपाठ प्रतिष्ठेचा. दुकानात हिशेब लिहिणारी किंवा बालवाडीत शिकवणारी सून रात्रपाळी करणार, परक्यांची मलमूत्रे काढणार, ही कल्पनाच अनेकांना रुचत नाही. घरातले कोणी रुग्णालयात असले, की मात्र हीच मंडळी परिचारिकेच्या वाटेकडे डोळे लावून बसतात.

हा आक्षेप नवा नाही. पुण्यात १९०९ साली सेवासदन उभे राहिले आणि रमाबाई रानडे यांनी तेथील स्त्रियांना ससून रुग्णालयात परिचर्येच्या शिक्षणासाठी पाठविले, तेव्हा समाजाने याहून कठोर शब्द वापरले होते. त्या काळी शिकायला आलेल्यांत संसार मोडलेल्या विधवा होत्या. शाळकरी वय केव्हाच मागे पडलेल्या त्या स्त्रियांनी अर्ध्या वाटेवर आयुष्याची दिशा बदलली. सोलापूर डॉ. द्वारकानाथ कोटणीस यांचा अभिमान बाळगते, तो योग्यच. पण त्यांच्या पत्नी ग्वो छिंगलान या परिचर्येच्या शिक्षिका होत्या, हे फारसे कोणी सांगत नाही.

आजची अडचण मात्र केवळ मानसिक नाही. भारतीय परिचर्या परिषदेच्या नियमांत तीन वर्षांच्या जी.एन.एम. अभ्यासक्रमाला प्रवेशाचे कमाल वय ३५ ठेवलेले आहे. मुले जरा हाताशी आली, घर सावरले, की नेमके तेच वय उंबरठ्यावर येऊन ठेपते. बी.एस्सी. नर्सिंगला बारावीत विज्ञान शाखा लागते. कला वा वाणिज्य शाखेतून बारावी झालेलीला जी.एन.एम. किंवा दोन वर्षांचा ए.एन.एम. हेच मार्ग उरतात. म्हणजे ‘पुढच्या वर्षी बघू’ म्हणणाऱ्या कुटुंबाला पुढचे वर्ष असेलच असे नाही.

या घाईचाच लाभ काहीजण उठवतात. सहा महिन्यांत ‘नर्स’ करून देण्याच्या जाहिराती लागतात. दागिने मोडून शुल्क भरले जाते. हाती पडते ते प्रमाणपत्र, ज्यावर महाराष्ट्र परिचर्या परिषदेत नोंदणीच होत नाही. नोंदणी नसलेलीला परिचारिकेचे पद नाही, तेवढे वेतनही नाही. राबणे तेवढे तसेच. शुल्क भरण्यापूर्वी संस्थेची मान्यता परिषदेकडून तपासून घेणे, हे काम घरातील शिकल्यासवरल्या पुरुषाने का करू नये?

२०२० च्या महामारीत परिचारिकांसाठी थाळ्या वाजल्या. त्यांच्या टंचाईवर चर्चा करणाऱ्यांनी निदान विधवा व परित्यक्ता स्त्रियांसाठी वयाची ही अट शिथिल करण्याची मागणी लावून धरायला हवी. घरच्यांनी करायचे तेही फार मोठे नाही. तीन वर्षे सकाळचा डबा दुसऱ्या कोणीतरी भरायचा, आणि रात्रपाळीहून आलेल्या सुनेला दुपारी निवांत झोपू द्यायचे.