गंगेवर रोज जाणारे

नाशिकमध्ये कुणी ‘जरा गंगेवर जाऊन येतो’ म्हणालं, तर तो काशीला निघालेला नसतो. तासाभरात घरी परततो. येताना हातात मेथीची जुडी असते, नाहीतर पोटात भेळ. गोदावरी हे नाव शाळेच्या पुस्तकात आणि महापालिकेच्या फायलीत; बोलण्यात ती गंगाच. पावसाचा जोर वाढला की ‘गंगेला पूर आला का?’ असं विचारत अर्धं गाव होळकर पुलावर जमतं आणि पोलीस त्यांना हुसकावत राहतात.

हा होळकर पूल म्हणजे जुन्या नाशिककरांचा व्हिक्टोरिया पूल. संध्याकाळी सहा-साडेसहाला इथून खाली उतरावं आणि पाण्याच्या कडेकडेनं तपोवनाच्या दिशेनं चालू लागावं. पाच मिनिटांत रामकुंड येतं. नदी इथे दक्षिणेकडे वळते, म्हणून या जागेला तीर्थाचा मान. गर्दीही तशीच, सगळ्या प्रकारची. एका पायरीवर नुकतंच मुंडण केलेला माणूस अस्थींचं गाठोडं सोडत असतो, दोन पायऱ्या सोडून पोरं कठड्यावरून धपाधप उड्या मारत असतात, आणि मागे कांदा चिरण्याचा आवाज. १९४८ मध्ये गांधीजींच्या अस्थींचा काही भाग इथेच विसर्जित झाला. शेजारचा गांधी तलाव त्याची आठवण. इतकं सगळं एकाच घाटावर चालतं आणि कुणाचं कुणावाचून अडत नाही.

द्रोणातला दिवा सोडणाऱ्या बाईकडे थोडा वेळ पाहावं. ती तळहाताच्या आडोशानं वात सांभाळते, वाकून द्रोण पाण्यावर ठेवते, बोटांनी पाणी मागे सारून त्याला पुढे ढकलते. द्रोण चार-पाच हात जातो, थबकतो, स्वतःभोवती एक गिरकी घेतो आणि काठाच्या भिंतीला येऊन टेकतो. पावसाळा सरला की या पाण्याला ओढ राहत नाही. बाई पुन्हा ढकलते. तिसऱ्या खेपेला नमस्कार करून निघते.

थोडं पुढे नदीपात्रात उभा असलेला दुतोंड्या मारुती. शेंदरी रंगाचा, दोन बाजूंना दोन तोंडं असलेला. सेंटिमीटर आणि क्युसेकचे आकडे पाटबंधारे खात्याकडे असतात. गावाचं माप हा मारुती. पाणी त्याच्या पायाला लागलं, कमरेला आलं, छातीशी गेलं, एवढं सांगितलं की भांडीबाजारात आणि सराफबाजारात काय ते समजतं. छातीच्या वर पाणी गेलं की दुकानं आवरायला घेतात. त्याहून मोठा पूर मोजायचा तर काठावर नारोशंकराचं मंदिर आहे. १७४७ मध्ये बांधलेल्या या मंदिराच्या तटात वसईच्या मोहिमेतून आणलेली पोर्तुगिजांची भलीमोठी घंटा टांगली आहे. पाणी घंटेला लागलं, हे वाक्य नाशिकमध्ये पिढ्यान् पिढ्या ऐकवलं जातं. संध्याकाळी नातवंडांना घेऊन आलेले आजोबा मारुतीकडे बोट दाखवून कुठल्या साली पाणी कुठवर होतं ते सांगतात. आठ साली, सोळा साली, एकोणीस साली. पूररेषेचा इतका सोपा धडा दुसऱ्या कुठल्या शहरात क्वचितच मिळेल.

त्यातलं सोळा साल मुद्दाम आठवण्याजोगं आहे. २०१६ च्या गुढीपाडव्याला रामकुंड कोरडंठाक पडलं होतं. सणाच्या स्नानाला आलेल्या भाविकांसाठी टँकरनं पाणी आणून कुंडात ओतावं लागलं. आणि त्याच वर्षी २ ऑगस्टला गंगेला असा पूर आला की दुतोंड्या मारुती दिसेनासा झाला. चार महिन्यांत दोन्ही टोकं.

नदी अशी का वागते, याचं उत्तर पुष्कळसं पायाखाली आहे. वर गंगापूर धरण आहे, म्हणजे पाणी किती आणि कधी यायचं ते आता दरवाजे ठरवतात. पण धरणाच्या खालीही नदीचं स्वतःचं पाणी होतं. रामकुंडाच्या परिसरात सतरा प्राचीन कुंडं होती आणि त्यांत जिवंत झरे होते. २००३ च्या सिंहस्थ कुंभमेळ्याआधी घाट सुटसुटीत करण्याच्या नावाखाली या कुंडांचे तळ काँक्रीटनं बुजवले गेले. गाड्या लावायला ऐसपैस जागा झाली, झरे मात्र बंद पडले. पुढे मुंबई उच्च न्यायालयात गोदावरीसाठी जनहित याचिका झाली, गोदाप्रेमी वर्षानुवर्षं मागे लागले, आणि स्मार्ट सिटीच्या काळात काही ठिकाणचं काँक्रीट उखडायलाही घेतलं गेलं. म्हणजे आधी ओतायचा खर्च, मग काढायचा. त्याच स्मार्ट सिटीच्या कामात एक जुना दगडी सांडवा फोडला गेला. अलीकडून पलीकडे पायी जाण्यासाठी पूर्वजांनी बांधलेले हे सांडवे पुराचं पाणी डोक्यावरून जाऊ देतात आणि पूर ओसरला की पुन्हा वाट मोकळी करतात. नदीकाठी बांधायचं तर कसं, याचा नमुनाच तो. आणि आपण तोच फोडला.

आता पुन्हा सिंहस्थ आलं आहे. ३१ ऑक्टोबर २०२६ ला ध्वजारोहण, २०२७ मध्ये २ ऑगस्ट, ३१ ऑगस्ट आणि ११ सप्टेंबर ही नाशिकची तीन अमृतस्नानं. रामकुंडावर गोदावरीचं एक देऊळ आहे, ते फक्त सिंहस्थात उघडतं. एरवी त्याला कुलूप. नदीसाठीच्या पैशांचंही तसंच झालं आहे. निधी बारा वर्षांनी येतो, घाईत येतो, आणि तीन दिवसांच्या गर्दीचा हिशेब मांडून खर्च होतो. दोन सिंहस्थांमध्ये चार हजारांहून अधिक संध्याकाळी असतात. त्या संध्याकाळी गंगेवर येणारा माणूस कुठल्या आराखड्यात आहे?

गर्दीचा प्रश्न खोटा नाही. २७ ऑगस्ट २००३ च्या चेंगराचेंगरीत ३९ जणांचा जीव गेला, ते नाशिक विसरलेलं नाही. पण ती दुर्घटना नदीच्या पात्रात झाली नव्हती. काळाराम मंदिराच्या बाजूनं रामकुंडाकडे उतरणाऱ्या अरुंद रस्त्यावर, सरदार चौकात झाली होती. कमी पडली ती रस्त्याची रुंदी आणि नियोजन. २०१५ मध्ये टाकळी, दसक, तपोवन अशा खालच्या अंगाच्या घाटांवर गर्दी वाटली गेली आणि सिंहस्थ सुखरूप पार पडलं. तेव्हा सुरक्षिततेचं नाव पुढे करून पात्रात आणखी सिमेंट ओतायला निघालेल्यांना हे दोन्ही दाखले ऐकवायला हवेत.

सुशोभीकरणाचं तर विचारूच नये. गंगेच्या वरच्या अंगाला मोठ्या हौसेनं गोदापार्क झाला. फरशा, दिवे, बाकडी. सोळा सालच्या पुरानं तो उखडून टाकला. पूररेषेच्या आत दिव्यांचे खांब रोवणं म्हणजे दर काही वर्षांनी तेच कंत्राट पुन्हा काढण्याची सोय आहे. उलट कुणीही न सुशोभित केलेल्या जागा तग धरून आहेत. बुधवारी घाटावर आठवडे बाजार भरतो, ताडपत्र्या अंथरल्या जातात आणि रात्री गुंडाळल्या जातात. देवमामलेदार यशवंतराव महाराजांच्या पटांगणावर मे महिन्यात वसंत व्याख्यानमाला होते. शंभरी ओलांडलेल्या या व्याख्यानमालेला नाशिककर गंगेचा वारा खात दगडी पायऱ्यांवर बसतात. पाणी आलं की उठायचं, गेलं की बसायचं. घाट म्हणजे एवढंच.

गाडगे महाराज पूल ओलांडला की फिरायला आलेल्यांची संख्या घटते. वाट तुटक होते, कुठे कचरा, कुठे नाल्याचा वास, पाण्यावर पानवेलींचा हिरवा गालिचा. तो दुरून छान दिसतो. सांडपाण्यावर पोसलेला आहे हे कळलं की पाहवत नाही. तपोवनाकडे पाण्यावर पांढरा फेस तरंगतो. याच तपोवनातली झाडं सिंहस्थात साधूंना उतरवायच्या साधुग्रामासाठी तोडायची म्हटल्यावर २०२५ च्या अखेरीस नाशिककर रस्त्यावर उतरले. त्यांना झाडवेडे म्हणून हिणवणाऱ्यांनी एकदा एप्रिलच्या संध्याकाळी रामकुंडाच्या तापलेल्या फरशीवर बसून मग तपोवनातल्या सावलीत जाऊन पाहावं.

मागणी फार मोठी नाही. बुजवलेली उरलेली कुंडं मोकळी करा. सांडपाण्याचा एकही नाला थेट पात्रात येणार नाही, हे काम दिव्यांच्या माळांआधी घ्या. पात्रातलं वाहनतळ हटवा. दर पावसाळ्यात गंगेत वाहून चाललेल्या मोटारींची छायाचित्रं छापून वर्तमानपत्रंही थकली आहेत. आणि होळकर पुलापासून तपोवनापर्यंत, पूर आला तरी टिकेल अशी, साधी दगडी, सलग पायवाट ठेवा.

सिंहस्थाचे आराखडे ज्यांच्या टेबलावर आहेत त्यांनी ध्वजारोहणाच्या आधी एका संध्याकाळी गाडी होळकर पुलापाशी सोडून तपोवनापर्यंत चालत जावं. सोबत छायाचित्रकार नको. दोन-तीन किलोमीटरचंच अंतर आहे, आणि वाटेत भेळ चांगली मिळते.