दुसरीच्या मुलाची हकीकत घरी पोहोचावी

२०१९ च्या जून महिन्यात बालभारतीचे दुसरीचे गणिताचे नवे पुस्तक मुलांच्या हाती पडले आणि एरवी ज्या इयत्तेकडे कोणाचे फारसे लक्ष जात नाही, त्या दुसरीवरून अवघ्या महाराष्ट्रात वाद पेटला. एकवीस म्हणजे ‘वीस एक’, सदतीस म्हणजे ‘तीस सात’, असे संख्यावाचन त्या पुस्तकात रूढ नावांच्या जोडीला दिलेले होते. बारामतीचे तत्कालीन आमदार अजित पवार यांनी हा विषय विधानसभेत मांडला, आणि बालभारतीच्या गणित समितीच्या अध्यक्षा डॉ. मंगला नारळीकर यांना आपली भूमिका पुनःपुन्हा समजावून सांगावी लागली. ती भूमिका समजण्यास कठीण नव्हती. ‘सदतीस’ म्हणताना आपण सात आधी उच्चारतो व तीस नंतर; लिहिताना मात्र तीन आधी येतो व सात नंतर; म्हणून सात वर्षांचे मूल ३७ च्या जागी ७३ लिहून बसते, आणि त्यात ‘त्र्याहत्तर’सारखी जोडाक्षरे व ‘एकोणसाठ’सारखी उलट्या हिशेबाची नावे आली म्हणजे त्याच्या गोंधळाला पारावार उरत नाही.

मला स्वतःला ही योजना विचारपूर्वक केलेली वाटली, आणि तरीही पालकांचा संताप मी अनाठायी मानत नाही. कारण जी गोष्ट वर्गशिक्षिकेने शाळेच्या ओट्यावर पालकांना बसवून, पुस्तके वाटण्यापूर्वी, दहा मिनिटांत सांगावयाची, ती बहुतेकांच्या कानी दूरचित्रवाणीच्या बातम्यांतून, आणि तीही वादाच्या रूपाने, आली. उसाच्या खेपांचा हिशेब सदतीस, त्रेचाळीस अशा नावांनीच आयुष्यभर ठेवीत आलेला बाप मुलाच्या तोंडून ‘तीस सात’ ऐकतो, तेव्हा मूल चुकले असे समजून तो त्याला दटावतो. आणि मूल, बाई खऱ्या की बाबा खरे हे न उमगून, गप्प होते. त्या वादाचा धुरळा केव्हाच खाली बसला. आपले मूल वर्गात काय शिकते आणि ते तसे का शिकते, हे पालकाला कोणी सांगावयाचे, हा प्रश्न मात्र तसाच राहिला.

राजर्षी शाहू महाराजांनी १९१७ साली करवीर संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत करण्याचा हुकूम काढला, तेव्हा मुलास शाळेत न धाडणाऱ्या पालकास दरमहा एक रुपया दंड ठेवला होता. त्या काळी ते आवश्यकच होते. परंतु आज कायद्याने बोजा दुसऱ्या बाजूवर, म्हणजे शाळेवर, टाकला आहे. १ एप्रिल २०१० पासून अंमलात आलेल्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २४ मध्ये शिक्षकाची जी कर्तव्ये सांगितली आहेत, त्यांत पालकांच्या नियमित सभा घेणे आणि मुलाची हजेरी, त्याची शिकण्याची क्षमता व त्याने केलेली प्रगती त्यांना अवगत करून देणे, हे कर्तव्य स्पष्ट शब्दांत नमूद आहे. शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सभासद पालक असावेत आणि निम्म्या स्त्रिया असाव्यात, अशीही तरतूद आहे. या समित्यांच्या सभांतून पोषण आहार, शौचालय, संरक्षक भिंत यांची चर्चा होते, आणि ती व्हावयासच हवी. पण दुसरीतील किती मुले जोडाक्षर वाचतात, हा प्रश्न तेथे क्वचितच निघतो.

मग पालकापर्यंत पोहोचते ते काय? प्रगतिपुस्तक. गेल्या दिवाळीनंतर इंदापूर तालुक्यात, नीरेकाठच्या एका वस्तीवरील शाळेच्या दारात, डोक्यावरचे वैरणीचे ओझे भिंतीशी उतरवून एका बाईने लेकीचे प्रगतिपुस्तक माझ्यासमोर धरले आणि ते वाचून दाखवावयास सांगितले. मी वाचले. ‘विशेष प्रगती’ या रकान्यात कवितेचे तालासुरात गायन करते, परिसर स्वच्छ ठेवते. ‘आवड व छंद’ यात चित्रे काढणे. ‘सुधारणा आवश्यक’ या रकान्यात वाचनाचा सराव हवा. आणि खाली श्रेणी ब-१. त्या माउलीने सर्व लक्षपूर्वक ऐकले व विचारले, “म्हंजी, तिला वाचता येतंय का न्हाई?”

या प्रश्नाचे उत्तर त्या संपूर्ण पत्रकात कोठेही नव्हते.

सुदैवाने शिक्षिका जवळच होत्या. त्यांनी मुलीला बोलावून पुस्तक हाती दिले. मुलगी ‘आजी’, ‘बाजार’, ‘पिशवी’ असे सरळ शब्द वाचीत गेली आणि ‘रस्ता’ या शब्दापाशी थबकून ‘रसता’ म्हणाली. “जोडाक्षर आलं की अडते,” शिक्षिका म्हणाल्या, “रोज रात्री दोन ओळी वाचायला लावा, तुम्ही नुसतं ऐका.” “ऐकायचंच ना? मग ऐकीन की,” असे म्हणून त्या बाईने ओझे उचलले. दोन मिनिटेही लागली नसतील. ज्या स्त्रीला स्वतःला अक्षरओळख नाही, तिला लेकीच्या शिक्षणाची नेमकी अवस्था कळली आणि तिने करावयाचे कामही कळले.

सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापनाचा शासननिर्णय २० ऑगस्ट २०१० रोजी निघाला. मुलाला केवळ गुणांच्या आकड्याने तोलू नये, हा त्यामागील हेतू उदात्त होता, आणि वर्णनात्मक नोंदी त्यासाठीच आल्या. पण ठरावीक वाक्यांच्या याद्यांतून निवडून उतरविलेली नोंद मुलाचे वर्णन करीत नाही. ‘निपुण भारत’ अभियानाने ५ जुलै २०२१ पासून दुसरीची उद्दिष्टे इतकी सुस्पष्ट सांगितली आहेत की त्यांचा पालकांशी बोलताना थेट उपयोग व्हावा: अनोळखी मजकूर मिनिटाला ४५ ते ६० शब्द या गतीने समजून वाचणे, आणि ९९९ पर्यंतच्या संख्या वाचता-लिहिता येणे. ग्रामीण मुलांच्या शिक्षणाच्या ‘असर’ या पाहणीत वाचनाची सर्वांत वरची पायरी म्हणजे दुसरीच्या पातळीची गोष्ट होय; २०२४ साली ग्रामीण भारतातील तिसरीच्या केवळ २७.१ टक्के मुलांना ती वाचता आली. दुसरीत जे राहून गेले ते तिसरीत आपोआप भरून येत नाही, हे त्या आकड्याने दाखविले. आणि ज्यांना ती वाचता आली नाही, त्या मुलांच्या कित्येक घरांत हे कोणालाही ठाऊक नसेल.

माळेगाव, सोमेश्वर आणि भवानीनगरचा छत्रपती या कारखान्यांच्या गळीत हंगामात बीड, अहिल्यानगरकडून येणाऱ्या ऊसतोड कुटुंबांच्या मुलांची स्थिती तर याहून बिकट आहे. अशा मुलाच्या सोबत शिक्षण हमी कार्ड द्यावे, अशी व्यवस्था आहे. परंतु कोपीवर राहणाऱ्या आईबापांना त्या कार्डात लिहिलेले कोणी तोंडी समजावून दिले नाही, तर ते पत्र्याच्या पेटीत शिधापत्रिकेशेजारी पडून राहते. शिवाय ही माणसे पहाटे फडात जातात आणि अंधार पडल्यावर परततात. त्यांच्यासाठी सकाळी अकराची पालकसभा असून नसल्यासारखीच.

शिक्षकांवर दोषारोप करण्याचा माझा हेतू नाही. दोन शिक्षकांनी चार इयत्ता सांभाळावयाच्या आणि वर भ्रमणध्वनीवरून रोज नाना तपशील पाठवावयाचे, अशा शाळा बारामती व इंदापूर या दोन्ही तालुक्यांत आहेत. तो भार आधी हलका करावा. आणि व्हॉट्सॲपच्या गटावर सुट्टीची सूचना व झेंडावंदनाची छायाचित्रे टाकली म्हणजे पालकांना माहिती दिली, ही समजूतही सोडून द्यावी. कारण तो फोन बहुधा बापाच्या खिशात बारामतीच्या औद्योगिक वसाहतीत पाळीवर गेलेला असतो, आणि मुलाजवळ असते ती आई किंवा आजी.

बारामती व इंदापूर या दोन्ही पंचायत समित्यांच्या गटशिक्षणाधिकाऱ्यांना माझी विनंती आहे की त्यांनी येत्या सत्रापासून एवढाच नियम करावा: दुसरीच्या कोणत्याही मुलाचे प्रगतिपुस्तक, त्या मुलाने पालकासमोर चार ओळी वाचून व एक वजाबाकी करून दाखविल्याशिवाय, पालकाच्या हाती देऊ नये, आणि ज्यांना दिवसा येणे अशक्य आहे, त्यांच्यासाठी सत्रातून एक संध्याकाळ राखून ठेवावी. यासाठी नवा निधी लागत नाही, नवा शासननिर्णयही लागत नाही. पालकांनीही नियमाची वाट न पाहता या आठवड्यात शाळेत जावे आणि त्या माउलीने विचारला तोच प्रश्न बाईंना किंवा गुरुजींना विचारावा. त्याचे उत्तर मिळणे हा कलम २४ ने दिलेला तुमचा हक्क आहे.