फीड रीडर निवडताना

गूगलचा ‘रीडर’ १ जुलै २०१३ रोजी बंद झाला. २००५ साली सुरू झालेल्या त्या सेवेत लोकांनी ब्लॉग, वृत्तपत्रं, नियतकालिकं एकेक करून जमवली होती. घोषणा मार्चमध्येच झाली होती. जे सावध होते त्यांनी आपली यादी उतरवून घेतली आणि फीडली, न्यूजब्लर अशा ठिकाणी चढवली. बाकीच्यांना ती पुन्हा आठवून आठवून उभी करावी लागली. म्हणून फोन किंवा टॅबलेटसाठी कुठलं फीड रीडर अ‍ॅप घ्यावं असं कुणी विचारलं, की मी आधी एवढंच बघायला सांगतो: यातून आपली यादी बाहेर काढता येते का? सेटिंग्जमध्ये ‘ओपीएमएल एक्स्पोर्ट’ असा पर्याय हवा. त्यातून मिळणारी फाइल साध्या टेक्स्ट एडिटरमध्ये उघडते. प्रत्येक ओळीत एका साइटचं नाव आणि तिच्या फीडचा पत्ता, बस्स. ती दुसऱ्या कुठल्याही रीडरमध्ये टाकली की यादी जशीच्या तशी हजर.

फीडची मूळ कल्पना १९९९ची, नेटस्केपची. साइट आपल्या नव्या लेखांची शीर्षकं, दुवे, वेळा एका फाइलमध्ये मांडून ठेवते आणि अ‍ॅप ती फाइल अधूनमधून तपासतं. तुम्हाला काय आवडेल याचा अंदाज बांधणारं मध्ये कुणी नसतं. पॉडकास्ट आजही याच मार्गाने आपल्या फोनवर येतात.

मला याचं मोल सर्वांत जास्त वाटतं ते मराठी ब्लॉगांमुळे. ब्लॉगस्पॉट आणि वर्डप्रेसवर असे कितीतरी जण आहेत जे सहा महिन्यांतून एकदा लिहितात, पण किल्ल्यांवर, शेतीवर, जुन्या नाटकांवर असं लिहितात की दुसरीकडे मिळणार नाही. समाजमाध्यमांच्या गर्दीत त्यांचा लेख तुमच्यापर्यंत पोचण्याची शक्यता फार कमी. रीडरमध्ये तो आला की दिसणारच. पत्ता टाकणंही सोपं आहे. बहुतेक अ‍ॅप साइटच्या पत्त्यावरून फीड स्वतः शोधतात. नाही सापडलं तर वर्डप्रेसच्या पत्त्यापुढे तिरकी रेघ देऊन इंग्रजीत ‘फीड’ लिहायचं.

आता नावं. अँड्रॉइडवर ‘फीडर’ घ्या: मुक्तस्रोत, फुकट, खातं उघडायची गरज नाही. आयफोन-आयपॅडवर ‘नेटन्यूजवायर’. ब्रेंट सिमन्स यांनी २००२ साली मॅकसाठी सुरू केलेलं हे अ‍ॅप आज मुक्तस्रोत आणि मोफत आहे, आणि फोनवर वाचलेलं आयक्लाउडमुळे टॅबलेटवरही वाचलेलं दिसतं. फोन अँड्रॉइडचा आणि टॅबलेट अ‍ॅपलचा असेल, तर मात्र फीडली किंवा इनोरीडरसारखी खातं असलेली सेवा बरी. त्यांच्या फुकट योजनेत स्रोतांच्या संख्येवर मर्यादा असते, पण घरगुती वाचनाला ती पुरते.

कायमचं ठरवण्याआधी एक लांबलचक मराठी लेख त्यात उघडा. शीर्षकातल्या वेलांट्या आणि अनुस्वार वरून कापले जात असतील, किंवा ओळींमधलं अंतर वाढवता येत नसेल, तर ते अ‍ॅप कितीही देखणं असो, आठवड्याभरात डोळे थकतील. टॅबलेट आडवा धरूनही पाहा. मजकूर पडद्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पसरत असेल, तर पुढची ओळ सापडत नाही.

वृत्तपत्रांची फीड वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवा. दिवसाला शेकड्याने येणाऱ्या बातम्यांखाली तो सहा महिन्यांनी आलेला ब्लॉग गाडला जातो. न वाचलेल्यांचा लाल आकडाही बंद करून टाका. वाचन हे काही थकलेलं बिल नव्हे.

आणि मराठी संपादकांना एक विनंती. अनेक साइट फीडमध्ये जेमतेम दोन ओळी देतात. निदान लेख आणि सदरं तरी पूर्ण द्या. जो वाचक आपणहून तुमचा पत्ता यादीत घालतो, तो तुमचं नाव बघून आलेला असतो. साइटची नवी रचना करताना फीड चालू राहतं ना, हे तंत्रज्ञांना विचारून घ्या. वर्डप्रेसवर तर ते आपोआप तयार होतं, कुणी मुद्दाम बंद केलं तरच जातं.