बंदूक खोटी, टोकन खरे

टिपू सुलतानाच्या ‘सिंहासना’वर बसलेल्या पोलिस अधिकाऱ्याचे छायाचित्र 2021च्या सप्टेंबरमध्ये देशभर फिरले. खुर्चीत लोकनाथ बेहरा, छायाचित्र काढले तेव्हा केरळ पोलिसांचे प्रमुख. शेजारी तलवार धरून उभे असलेले दुसरे वरिष्ठ अधिकारी. आणि घर मॉन्सन मावुंकल याचे. याच घरात मोझेसची काठीसुद्धा होती म्हणे! पुरातन वस्तू आखाती राजघराण्यांना विकून मिळालेले हजारो कोटी बँकेत अडकले आहेत, ते सोडवायला थोडी रक्कम हवी, असे सांगून त्याने सुमारे 10 कोटी रुपये उकळल्याची तक्रार झाली आणि केरळच्या गुन्हे शाखेने त्याला अटक केली. सिंहासन सुताराकडून करवून घेतलेले निघाले.

म्हैसूरकरांना यात नवल वाटायचे कारण नव्हते. टिपूची राजधानी श्रीरंगपट्टण तिथून जेमतेम पंधरा-सोळा किलोमीटर. 4 मे 1799 रोजी किल्ला पडला, टिपू मारला गेला आणि लुटीच्या वाटणीसाठी इंग्रजांनी खरे सिंहासन तोडून त्याचे तुकडे केले. त्याचे वाघाचे मोठे डोके आणि रत्नजडित हुमा पक्षी आज इंग्लंडच्या राजघराण्याच्या संग्रहात आहेत. कठड्यावरची वाघाची छोटी मस्तके अधूनमधून लिलावात येतात. त्यांतल्या एकाची किंमत 15 लाख पौंड धरून ब्रिटिश सरकारने 2021मध्ये ते देशाबाहेर नेण्यास तात्पुरती मनाई केली. म्हणजे अख्खे सिंहासन कुणाच्या दिवाणखान्यात असूच शकत नाही. एवढे समजायला संग्रहालयशास्त्राची पदवी लागत नाही. तरीही माणसे फसली, कारण वस्तू कुणी तपासलीच नाही. तपासले ते घरमालकाच्या भिंतीवरचे बड्या लोकांबरोबरचे फोटो.

ऑनलाइन शस्त्रबाजार याच भोळेपणावर चालतो. तिथे दोन प्रकारचा माल दिसतो. एक, आजचे पिस्तूल किंवा रायफल, ‘विनापरवाना, घरपोच’. दुसरा, जुनी तलवार, कट्यार किंवा ठासणीची बंदूक, आणि तिच्यामागे टिपू, हैदर, वडेयार, पेशवे यांपैकी जे नाव त्या भागात खपेल ते. ठगांनी शस्त्रच का निवडावे? मोटारसायकल विकतो म्हणून फसवले तर गिऱ्हाईक संध्याकाळी पोलिस ठाण्यात जाते. पिस्तुलाच्या नावाने फसवले तर ते जात नाही, कारण काय विकत घेत होतास, हा पहिला प्रश्न त्यालाच येणार. आणि ‘टिपूची बंदूक’ घेऊन फसलेला हौशी संग्राहक चारचौघांत शोभा नको म्हणून गप्प राहतो. एकाला भीती, दुसऱ्याला लाज. ठगाचे भांडवल ते हेच.

पहिल्या प्रकाराचा निकाल कायदाच लावतो. 1959च्या शस्त्र कायद्यानुसार बंदूक बाळगायला परवाना लागतो आणि विकायला वेगळा परवाना लागतो. परवानाधारकाला स्वतःचे शस्त्र दुसऱ्या परवानाधारकाला देता येते. पण त्याआधी जिल्हा दंडाधिकाऱ्यांना किंवा जवळच्या पोलिस ठाण्याला लेखी कळवावे लागते आणि त्यानंतर किमान 45 दिवस थांबावे लागते. ‘आज टोकन, परवा कुरिअर’ ही ओळ या चौकटीत बसतच नाही. बेकायदा विक्रीची शिक्षा 2019च्या दुरुस्तीनंतर किमान सात वर्षे ते जन्मठेप आहे, आणि विनापरवाना घेणाऱ्यालाही तुरुंगाचीच वाट. तेव्हा अशी जाहिरात खरी असली तर तो गंभीर गुन्हा आहे, आणि खोटी असली तर फसवणूक. तिसरी शक्यता नाही. फेसबुकने खासगी बंदूकविक्री जानेवारी 2016मध्येच बंद केली आणि ईबेने तर 1999मध्ये. त्यामुळे अशा ठिकाणी दिसणारी जाहिरात त्या ठिकाणचा नियम मोडूनच तिथे आलेली असते.

टोकन गेल्यानंतर काय होते, तेही ठरलेले. आधी पॅकिंगचा खर्च, मग नाक्यावरचा ‘हप्ता’, मग विमा. शेवटी वर्दीतला फोटो लावलेल्या नंबरवरून फोन येतो की, तुमच्या नावाचे पार्सल पकडले आहे, प्रकरण मिटवायचे असेल तर एवढे पाठवा. पार्सल नसतेच. पण ज्याने खरोखर पिस्तूल मागवलेले असते त्याला ते आहे असे वाटते, आणि तो पैसे भरत राहतो.

सैनिक असल्याची बतावणी हा या धंद्यातला जुना डाव. जुन्या वस्तूंच्या खरेदी-विक्रीच्या ॲपवर बदली झालेल्या जवानाची स्कूटर स्वस्तात विकायला निघते, सोबत ओळखपत्राचा आणि कॅन्टीन कार्डाचा फोटो येतो, हे आता पुष्कळांना माहीत झाले आहे. शस्त्राच्या जाहिरातीत हा वेश अधिकच शोभतो; फौजी माणसाकडे बंदूक असणारच, असे आपण गृहीत धरतो. पैसे ‘मिळवण्यासाठी’ क्यूआर कोड स्कॅन करून पिन टाका, असे कुणी सांगितले की तिथेच थांबावे. पैसे घ्यायला पिन लागत नाही, द्यायला लागतो.

अमेरिकेत गोष्ट वेगळी. तिथे बंदुकांचे ऑनलाइन लिलाव कायदेशीर आहेत. ‘गनब्रोकर’ हे त्यातले मोठे नाव, 1999पासूनचे. टेक्सासमध्ये राहणाऱ्या एखाद्या मराठी कुटुंबातला नेमबाजीचा हौशी तिथे बोली लावू शकतो. पण 1968च्या कायद्याने दुसऱ्या राज्यातून आलेले शस्त्र परवानाधारक दुकानदारामार्फतच हाती पडते. म्हणून ‘दुकानदार कशाला मध्ये, थेट घरी पाठवतो’ असे विक्रेता म्हणाला की तो एक तर गुन्हेगार, नाही तर ठग. बाकी खुणा इथल्यासारख्याच. भाव बाजारापेक्षा निम्मा. फोटो दुसऱ्याच्या जुन्या लिलावातून उचललेले. बोली चालू असतानाच ‘साइटबाहेर सौदा करू’ असा निरोप. पैसे गिफ्ट कार्डाने किंवा परत न फिरवता येणाऱ्या मार्गाने. फोटो इंटरनेटवर उलटा शोधून पाहायला मिनिटभर लागतो. त्याहून सोपे म्हणजे वस्तूशेजारी आजची तारीख लिहिलेली चिठ्ठी ठेवून नवा फोटो मागायचा. खरा विक्रेता काढून पाठवतो. खोटा विक्रेता रागावतो.

जुन्या शस्त्रांचा प्रकार मात्र जास्त रंजक आहे, आणि म्हैसूरचा संबंध तिथेच येतो. टिपूच्या शस्त्रांना खरोखर सोन्याचा भाव आहे. 2019मध्ये इंग्लंडच्या बर्कशायरमधील एका कुटुंबाच्या माळ्यावर सापडलेली त्याची चांदीने मढवलेली चकमकीची बंदूक लिलावात 60 हजार पौंडांना गेली. 2023च्या मे महिन्यात त्याच्या शयनगृहातली तलवार लंडनमध्ये बोनहॅम्सच्या लिलावात 1 कोटी 40 लाख पौंडांना विकली गेली. या दोन्ही वस्तूंमागे सलग साखळी होती. बंदूक कंपनी सरकारच्या मेजर थॉमस हार्टकडून वारसांकडे आलेली. तलवार किल्ल्यावरच्या हल्ल्याचे नेतृत्व करणाऱ्या डेव्हिड बेअर्डला भेट मिळालेली, तसे तिच्यावर कोरलेले. टिपूच्या राजवाड्यातल्या शस्त्राच्या कहाणीत 1799चा कुणी ना कुणी गोरा अधिकारी येतोच, कारण लूट त्यांनीच नेली. ‘आमच्या आजोबांना शेतात सापडली’ एवढ्यावर थांबणाऱ्या जाहिरातीला हा दुवाच नसतो.

जमिनीत काही सापडत नाही असे नव्हे. शिवमोग्गा जिल्ह्यातल्या नगर इथे 2018मध्ये एका कोरड्या विहिरीतून टिपूकालीन हजारभर अग्निबाण निघाले. पण ते पुरातत्त्व खात्याकडे गेले, इन्स्टाग्रामवर नाही.

वस्तूवरच्या खुणाही बोलतात. टिपूने आपल्या राज्यात मौलूदी सन चालू केला आणि त्याच्या नाण्यांवर आकडे उजवीकडून डावीकडे लिहिले जाऊ लागले. वाघाच्या पट्ट्यांची नक्षी त्याच्या शस्त्रांवर आवडीने घातली जाई. इंग्रजी आकड्यांत ‘1790’ कोरलेली ‘टिपूची बंदूक’ बहुधा परवा कोरलेली असते. यंत्राचा प्रकार पाहिला की उरलीसुरली शंका फिटते. टिपूच्या काळी तोड्याची आणि चकमकीची बंदूक होती. रसायन ठोकून बार उडवण्याच्या युक्तीचे पेटंट निघाले 1807मध्ये आणि केपाच्या बंदुका त्यानंतर आल्या. कोल्टचे रिव्हॉल्व्हर आले 1836मध्ये. तेव्हा टिपूचे रिव्हॉल्व्हर आणि पानिपतच्या लढाईतली केपाची बंदूक या दोन्ही वस्तू जाहिरातीतच जन्मतात.

कायद्याची बाजू इथे जरा नाजूक आहे. दुरुस्त करूनही चालणार नाही अशा कालबाह्य किंवा पुराणमूल्याच्या शस्त्राला शस्त्र कायद्यातून सूट आहे. ठग या सुटीचा बोर्ड लावून बसतात. पण शंभर वर्षांहून जुन्या वस्तूला 1972चा पुरावशेष कायदा लागू होतो. तिचा व्यापार करायला परवाना लागतो आणि खासगी माणसाला ती देशाबाहेर पाठवता येत नाही. ‘दुबईच्या शेखला विकून देतो, आधी कमिशन भरा’ म्हणणाऱ्याला या परवान्याचा क्रमांक विचारावा. जुनी नाणी आणि नोटा विकून देण्याच्या नावाखाली आपले नाव वापरून शुल्क, कमिशन आणि कर मागितला जातो, असा इशारा रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट 2021मध्येच दिला होता. नाण्याच्या जागी कट्यार ठेवली की तोच धंदा.

महाराष्ट्राने गेल्या काही वर्षांत खरा व्यवहार कसा होतो हे जवळून पाहिले आहे. नागपूरकर रघूजी भोसले यांची तलवार राज्य सरकारने एप्रिल 2025मध्ये लंडनच्या सदबीजच्या लिलावात 47 लाख 15 हजार रुपयांना मिळवली. त्याआधी, जुलै 2024मध्ये, व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातली वाघनखे साताऱ्यात आली. ती कंपनी सरकारचा अधिकारी ग्रँट डफ याच्याकडून त्याच्या वंशजांमार्फत आलेली. तरी शिवाजी महाराजांनी वापरलेली हीच का, याची खात्री देता येत नाही, असे खुद्द संग्रहालयाने नमूद केले आहे. इतकी मोठी संस्था शंका लिहून ठेवते आणि फोनवरचा अनोळखी माणूस ‘शंभर टक्के ओरिजिनल’ म्हणून शपथ घेतो! आपली वर्तमानपत्रेही यात निर्दोष नाहीत. ‘अमक्याकडे ऐतिहासिक तलवार’ अशा मथळ्याची बातमी कुठल्याही तज्ज्ञाला न विचारता छापली जाते आणि पुढे तेच कात्रण विक्रीच्या जाहिरातीत पुरावा म्हणून चिकटते.

म्हैसूरच्या शेजारी कोडगू आहे आणि तिथल्या कोडवांना व जम्मा (वंशपरंपरागत) जमीनधारकांना बंदुकीच्या परवान्यातून ब्रिटिश काळापासून सूट आहे. केंद्राने ती 2029पर्यंत चालू ठेवली आहे. कैलपोळ्द सणाला तिथे बंदुकीची पूजा होते. त्यामुळे ‘कोडगूची बंदूक, परवाना नको’ हे वाक्य म्हैसूर-बंगळूर पट्ट्यात खरे वाटण्याची भीती मोठी. सूट त्या समाजाला आणि त्या जमीनधारकांना आहे. बंदूक बाहेरच्याने विकत घेतली म्हणून सूट तिच्याबरोबर जात नाही.

सरकारने करण्यासारखे एक काम मोठे नाही. देशातल्या शस्त्रपरवान्यांची राष्ट्रीय नोंद आहे आणि परवानाधारकाला त्यात स्वतंत्र क्रमांक मिळतो. विक्रेत्याचा क्रमांक खरा की बनावट, एवढेच सामान्य माणसाला फोनवर पाहता यावे. दुसरे, पोलिसांनी जाहीर सांगावे की टोकन देऊन फसलेल्याची तक्रार आधी फसवणूक म्हणून लिहून घेतली जाईल. आज तो आश्वासक सूर नाही, म्हणून लोक गप्प आहेत आणि त्याच नंबरवर पुढचे गिऱ्हाईक सापडते.

पैसे गेले असतील तर वाचकांनी लगेच 1930 या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर फोन करावा. जितक्या लवकर कळेल तितकी रक्कम पुढच्या खात्यात गोठवली जाण्याची शक्यता जास्त. जाहिरातीचा स्क्रीनशॉट, समोरच्याचा नंबर आणि व्यवहाराचा क्रमांक जपून ठेवावा, चॅट पुसू नये. म्हैसूर शहरात सायबर गुन्ह्यांसाठी वेगळे पोलिस ठाणे आहे. तिथे जाताना वकिलाचा सल्ला घ्यावा, पण जावे.