तडजोडीचे गाणे गाळायला नको होते

‘द साउंड ऑफ म्युझिक’ म्हटले की ज्यूली अँड्र्यूज, ऑस्ट्रियातले डोंगर आणि सूर शिकणारी सात मुले डोळ्यांपुढे येतात. रिचर्ड रॉजर्स यांचे संगीत आणि ऑस्कर हॅमरस्टाइन यांची गीते असलेले हे नाटक १९५९ मध्ये ब्रॉडवेवर आले आणि १९६५ मध्ये रॉबर्ट वाइज यांनी त्यावर चित्रपट केला. चित्रपटात मूळची तीन गाणी वगळली गेली. श्रीमंतांच्या प्रेमावरचे एक गाणे आणि नायक-नायिकेचे एक प्रेमगीत गेल्याने फारसे बिघडले नाही. मात्र ‘नो वे टू स्टॉप इट’ हे तिसरे गाणे गेले आणि त्याबरोबर नाटकाचा कणाच गेला.

हे गाणे त्या सात मुलांचा बाप कॅप्टन ट्रॅप, त्याची व्हिएन्नाची धनाढ्य वाग्दत्त वधू एल्सा आणि मित्र मॅक्स या तिघांचे आहे. साल १९३८, हिटलर ऑस्ट्रियाच्या उंबरठ्यावर आहे. एल्सा आणि मॅक्स कॅप्टनला समजावतात, की जग आपल्या गतीने फिरणारच, ते अडवायला जाऊ नये, आपण आपले पाहावे. चाल हलकीफुलकी आहे, ऐकताना पाय ठेका धरतो. गाणारी माणसे दुष्ट नाहीत, उलट हजरजबाबी आणि हवीहवीशी वाटणारी आहेत. त्यामुळे प्रेक्षक आधी मान डोलावतो आणि आपण कशाला मान डोलावली हे त्याला मागाहून उमगते. गाणे संपते आणि याच मतभेदावरून लग्न मोडते. ब्रॉडवेवर कॅप्टनची भूमिका करणारे थिओडोर बिकेल हे व्हिएन्नात जन्मलेले ज्यू. १९३८ मध्येच त्यांच्या कुटुंबाला ऑस्ट्रिया सोडावा लागला होता. त्या रंगमंचावर हा वाद पुस्तकी नव्हता.

चित्रपटात एल्सा बाजूला होते ती कॅप्टनचा जीव मुलांना सांभाळायला आलेल्या मारियावर जडल्याचे ओळखून. प्रसंग देखणा आहे, पण देशापुढचा प्रश्न तिथे प्रेमाच्या त्रिकोणात विरघळून जातो. मग नाझी संकट खऱ्या अर्थाने येते ते कॅप्टन आणि मारियाच्या लग्नानंतर, बाहेरून आणि गणवेशात. नाटकात ते त्याआधीच दिवाणखान्यात, जवळच्या माणसांच्या तोंडून येऊन गेलेले असते. जर्मन नौदलात रुजू होण्याचा हुकूम कॅप्टन धुडकावतो, तेव्हा चित्रपटात ती एका सज्जनाला शोभेशी कृती वाटते. नाटकात मात्र या माणसाने आपल्या मतापायी ठरलेले लग्न आधीच गमावले आहे, त्यामुळे त्याच्या नकाराला वजन येते.

यावर पहिला आक्षेप लांबीचा. रंगमंचावरची सगळी गाणी पडद्यावर मावत नाहीत, हे मराठी प्रेक्षकाला सांगायला नको. ‘कट्यार काळजात घुसली’चा २०१५ मध्ये चित्रपट झाला तेव्हा जुन्या पदांच्या जोडीला नवी गाणी आली आणि आपण ती स्वीकारली. पण वाइज यांच्या जवळपास तीन तासांच्या चित्रपटासाठी रॉजर्स यांनी दोन नवी गाणी लिहिली. म्हणजे जागा होती, ती दुसऱ्या गोष्टीला दिली गेली. दुसरा आक्षेप असा, की मॅक्सचा तडजोडवाद संवादांत शिल्लक आहे आणि कॅप्टन त्याला सुनावतोही. खरे आहे. पण संगीतिकेत जे गायले जाते तेच लक्षात राहते. शिवाय त्या चार वाक्यांनी कोणाचे नाते तुटत नाही. तिसरा आक्षेप यशाचा. सर्वोत्कृष्ट चित्रपटासह पाच ऑस्कर मिळवणाऱ्या, पिढ्यान्‌पिढ्या पाहिल्या जाणाऱ्या कलाकृतीला नावे ठेवणारे आपण कोण? चित्रपटावर माझेही प्रेम आहे. पण यशाने एवढेच सिद्ध होते, की उरलेले पुष्कळ सुंदर होते. गाळलेले निरुपयोगी होते, हे त्यातून सिद्ध होत नाही.

राजकारणाचे गाणे कौटुंबिक करमणुकीत खपत नाही, हा समजही टिकणारा नाही. १९९८ मध्ये ब्रॉडवेवर नाटक पुन्हा उभे राहिले तेव्हा हे गाणे त्यात होते. २०१३ मध्ये अमेरिकी दूरचित्रवाणीने नाटकाचा थेट प्रयोग घरोघरी दाखवला, त्यातही ते होते. अत्याचारी माणसाला ओळखणे सोपे असते. अवघड असते ते ‘आपल्याला काय करायचे आहे’ म्हणणाऱ्या प्रेमळ माणसाला नकार देणे, आणि ते शिकवणारे या कथेतले एकमेव गाणे हेच आहे. ज्यांना ही कथा फक्त पडद्यावरून माहीत आहे, त्यांनी मूळ नाटकाच्या ध्वनिमुद्रणातून ते जरूर ऐकावे. आणि आपल्याकडची एखादी शाळा वा नाट्यसंस्था हे नाटक बसवणार असेल, तर वेळेसाठी दुसरे काहीही कापा, हे गाणे ठेवा.